इंग्रजीच्या वहीतली प्रत्येक चूक लाल पेनाने खोडायलाच हवी का?

खडूफळा

मी तालुक्याच्या गावी, मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. सहामाहीचे पेपर आले की स्टाफरूममध्ये आमचा ठरलेला वाद होतो. बहुतेक सहकाऱ्यांचं म्हणणं, चूक दिसली की खोडा आणि वर बरोबर रूप लिहा, नाहीतर ती मुलाच्या डोक्यात पक्की बसते. मला हे पटत नाही. निबंधाचं पान लालभडक करून परत दिलं की मूल गुण बघतं आणि वही मिटतं. पुढच्या निबंधात वाक्यं आखूड होतात, कारण कमी लिहिलं की कमी चुका निघतात हे त्याला कळलेलं असतं.

माझं म्हणणं असं की चुकांची आधी निवड करावी. ज्या चुकीने अर्थ फिरतो ती सोडायची नाही. जिने अर्थ फिरत नाही, ती थांबू शकते. आणि जी चूक मराठीतून आली आहे, ती मराठीतूनच समजावून सांगावी.

एक वाक्य बघा, दर वर्गात निम्म्या वह्यांत सापडेल : "यस्टरडे आय हॅड गॉन टू माय अंकल्स व्हिलेज." मुलाच्या मनात आहे "काल मी मामाच्या गावाला गेलो होतो", आणि ते मराठी अगदी चोख आहे. आपला 'होतो' सांगतो की जाऊन आलो, गोष्ट संपली. मूल तो 'होतो' उचलून 'हॅड' म्हणून ठेवतं. पण इंग्रजीत 'हॅड गॉन' म्हटलं की भूतकाळातली आणखी एक गोष्ट लागते, जिच्या आधी हे जाणं झालं. तू घरी आलास तेव्हा मी निघून गेलो होतो, असं काहीतरी. नुसतं काल गेलो असेल तर 'वेंट' पुरतं. एवढं मराठीत सांगितलं की मुलांचे चेहरे उजळतात. वर नुसतं 'वेंट' लिहून दिलं तर तेवढंच एक वाक्य सुधारतं, पुढच्या पानावर 'हॅड ईटन' हजर असतं.

'ही इज देअर ओन्ली' मधला 'ओन्ली' हा आपला 'च' आहे. 'टुडे मॉर्निंग' म्हणजे आज सकाळी. 'दो' नंतर 'बट' येतं, कारण आपल्याकडे 'जरी' आलं की 'तरी' येणारच. या चुकांना निष्काळजीपणा म्हणणं मला मुलांवर अन्याय वाटतो.

भरती_पुणे

ताई, तुमची कळकळ कळते, पण ठाम असहमत.

मी १० वर्षांहून जास्त काळ नव्या मुलांच्या मुलाखती घेतो आहे. समोर बसलेला माणूस चुकांची निवड करत नाही. 'आय डिडन्ट वेंट' ऐकलं की त्याचं मत बनतं आणि नंतरचं उत्तम तांत्रिक उत्तर त्या मताच्या सावलीत ऐकलं जातं. हे चूक आहे, अन्याय्य आहे, पण असं होतं. शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलाच्या तोंडी 'आय डिडन्ट वेंट' येत नाही. शंका विचारा म्हणताना 'क्वेश्चन्स' ऐवजी 'डू यू हॅव एनी डाउट्स' मात्र तोही म्हणतो आणि त्याचं कोणी काही मनावर घेत नाही. म्हणजे कुठली चूक खपते आणि कुठली खपत नाही हे अर्थावर ठरत नसून ती कोण करतं यावर ठरतं. ज्या मुलांच्या घरी इंग्रजी नाही, त्यांनाच तुम्ही 'थांबू दे' म्हणणार असाल तर त्यांची ही दुरुस्ती कधी होणार? त्यांच्याकडे दुसरी जागाच नाही, तुमचा वर्ग हीच ती जागा.

परदेशी शिकायला, कामाला जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा, आयईएलटीएस, बघा. बोलणं आणि लिहिणं, दोन्हींत चार निकष असतात आणि व्याकरणाचा आवाका व अचूकता हा त्यातला एक, पुरा पाव हिस्सा.

निळीशाई

भरती_पुणे, त्याच परीक्षेचं गुणवर्णनही वाचा. बोलण्यात ९ पैकी ६ बँड (गुणश्रेणी) मिळवणाऱ्याबद्दल त्यात म्हटलंय की गुंतागुंतीच्या वाक्यांत त्याच्या चुका वारंवार होऊ शकतात, पण त्यामुळे समजायला क्वचितच अडचण येते. म्हणजे परीक्षकही 'समजलं का' हे विचारतोच.

शब्दवेध

मला तर मूळ प्रश्नच वेगळा वाटतो. चूक कोणाच्या हिशेबाने?

ब्रज काचरू या काश्मिरात जन्मलेल्या भाषाशास्त्रज्ञाने १९८५ साली इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली. आतल्या वर्तुळात ब्रिटन-अमेरिकेसारखे देश, बाहेरच्या वर्तुळात भारत, नायजेरिया, सिंगापूर, आणि तिसऱ्यात इंग्रजी परकी म्हणून शिकणारे. बाहेरच्या वर्तुळातल्या समाजांनी इंग्रजी आपलीशी केली आहे, तेव्हा तिथली रूपं म्हणजे अर्धवट शिकलेली इंग्रजी नव्हे, असं त्यांचं म्हणणं. यावर ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ रँडॉल्फ क्वर्क आणि काचरू यांचा १९९०-९१ मध्ये 'इंग्लिश टुडे' या नियतकालिकात खडाजंगी वाद झाला. क्वर्क यांचं म्हणणं होतं की गरीब देशांतल्या विद्यार्थ्यांना प्रमाण इंग्रजीच द्या, नाहीतर त्यांचं नुकसान होईल. भरती_पुणे आज तेच म्हणत आहेत.

'प्रीपोन' (ठरलेली वेळ अलीकडे आणणं) हा आपला शब्द आज ऑक्सफर्डच्या कोशात आहे. 'डू द नीडफुल' (जरूर ते करावे) ला आपण बाबू लोकांची इंग्रजी म्हणतो, पण ती ब्रिटिशांच्याच पत्रव्यवहारातून आली. आपण जपली, त्यांनी टाकली, आणि आता ती आपली चूक! 'टुडे मॉर्निंग' कोट्यवधी लोक म्हणत असतील आणि कोट्यवधींना कळत असेल, तर ते खोडायचा अधिकार कोणाचा?

निवृत्त मुख्याध्यापक

शब्दवेध, अधिकार परीक्षकाचा. दहावीच्या उत्तरपत्रिकेत काचरू येत नाहीत.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना राज्यात ते पहिलीपासून आलं, आणि ते योग्यच झालं. पण पहिलीपासून ऐकत आलेली मुलं नववीत 'डिड' नंतर 'वेंट' लावतात हे बघून जीव तुटतो. आम्ही 'गो-वेंट-गॉन' सुरात घोकून घ्यायचो. डू, डज, डिड आलं की क्रियापद मूळ रूपात, हे रोज फळ्यावर. पाठ झालं की हात आपोआप बरोबर लिहायचा. त्या पोरांनी पुढे कचेऱ्यांत बिनचूक पत्रं लिहिली.

'मुलाला वाईट वाटेल' म्हणून चूक सोडणं मला मान्य नाही. वाईट वाटू नये म्हणून तपासनीसाची भाषा मऊ असावी, तपासणी सैल नको.

दोन मुलांची आई

सर, त्या पिढीतली मी. पत्रं लिहिता येतात, हे खरं. पण मुलीच्या शाळेत पालकसभेला इंग्रजीत बोलायची वेळ आली की आजही मनात आधी काळ जुळवते, मग कर्ता, मग क्रियापद, तोवर बोलणारे पुढच्या विषयावर गेलेले असतात. हे घोकण्याचंच दुसरं टोक आहे. माझा मुलगा सेमी-इंग्रजीत आहे. तो बिनदिक्कत चुकीचं बोलतो आणि त्याचं बोलणं महिन्यागणिक सुधारतं आहे.

लीड्सची परिचारिका

शब्दवेध यांचं म्हणणं भारतात बसून बरोबर वाटतं. मी मिरजेची, आता इंग्लंडमध्ये वॉर्डवर काम करते. इथली एक गोष्ट सांगते, म्हणजे 'अर्थ फिरणारी चूक' म्हणजे काय ते समजेल.

पाळी बदलताना हँडओव्हर होतो. येणारी नर्स विचारते, "हॅजन्ट ही हॅड हिज टॅब्लेट्स?" गोळ्या दिलेल्या नाहीत. मराठी माणसाच्या तोंडून सहज येतं "यस", म्हणजे "हो, नाही दिल्या". आपण विचारणाऱ्याच्या म्हणण्याला होकार देतो. इंग्रजी कान 'यस' चा अर्थ 'दिल्या' असा घेतो. पेशंटचा डोस चुकतो. आम्हा भारतीय नर्सेसना वरिष्ठ सांगतात की अशा प्रश्नाला नुसतं यस-नो देऊच नका, पूर्ण वाक्य बोला : "नो, ही हॅजन्ट. ही नीड्स देम नाऊ."

शाळा-कॉलेजात माझी असंख्य 'द' आणि 'अ' दुरुस्त झाली. हे मला कोणीही शिकवलं नाही. मराठीत उपपदं नाहीत, त्यामुळे 'द' माझा अजूनही सुटतो आणि त्याने आजवर कोणाचं काही अडलेलं नाही.

भरती_पुणे

हे उदाहरण जबरदस्त आहे, आणि आमच्याकडे परदेशी ग्राहकांच्या कॉलवर हेच होतं. "यू डिडन्ट गेट द फाइल?" "यस." मग दोन्हीकडे शांतता.

तरी माझा मुद्दा उभा आहे. अर्थ फिरणारी चूक सोडू नका, कबूल. पण हसं होणारीही सोडू नका.

निळीशाई

मी भाषाशास्त्रात एम. ए. करते आहे, म्हणून थोडं अभ्यासातलं. लाल पेनाचा वाद जगभर झालेला आहे. जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये सरळ मांडलं की दुसऱ्या भाषेच्या लेखनातल्या व्याकरणदुरुस्तीचा उपयोग होत नाही, उलट अपाय होतो, ती बंद करा. १९९९ मध्ये डॅना फेरिस यांनी उत्तर दिलं की सरसकट असं म्हणता येणार नाही, नेमकी निवडून, स्पष्ट केलेली दुरुस्ती उपयोगी पडू शकते. दोघांचे अनुयायी अजून भांडत आहेत.

आपल्या शेजारीही मोठा प्रयोग झाला होता. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि मद्रास भागातल्या साध्या शाळांत व्याकरण न शिकवता इंग्रजी शिकवून पाहिली. नकाशा वाचा, रेल्वेचं वेळापत्रक बघून गाडी ठरवा, अशी कामं द्यायची आणि चूक झाली तर ओघात बरोबर रूप बोलून पुढे जायचं. नंतर झालेल्या मूल्यमापनात या पद्धतीला सावध का होईना, पाठिंबा मिळाला.

मुख्याध्यापक सरांसाठी आणखी एक. 'ही गोज' मधला 'स' कुठल्याही मातृभाषेच्या शिकणाऱ्याला फार उशिरा पक्का होतो. नियम सांगायला एक मिनिट लागतं, अंगवळणी पडायला वर्षं लागतात. तो आठवीत सुटला म्हणून शिकवण्यात कसूर झाली असं होत नाही.

निवृत्त मुख्याध्यापक

'स' चं पटलं. माझ्याही अनुभवात तोच शेवटपर्यंत छळतो. मग 'डिडन्ट वेंट' चं काय? तो नियम तर सरळ आहे, एकदा सांगितला की संपला.

खडूफळा

सर, भरती_पुणे, तुमच्या दोघांसाठी एकत्र उत्तर देते.

'डिडन्ट वेंट' सोडा असं मी म्हणणार नाही. ती चूक दिसते, ऐकू येते, नियम एक आहे आणि मराठीत त्याला जोड आहे. आपण 'गेलो नाही' म्हणतो, भूतकाळ 'गेलो' मध्येच राहतो. इंग्रजीत तो 'डिड' कडे जातो, क्रियापद मोकळं होतं. काळ एकदाच लावायचा, दोनदा नाही. हे सांगून ती आठवडाभर मागे लागून घालवण्यासारखी आहे. भरती_पुणे म्हणतात ती 'हसं होणारी' चूक मी माझ्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर घेते. मी स्वतः हसणार नाही, पण मुलांना हसणाऱ्या जगात जायचं आहे.

पहिला क्रमांक मात्र अर्थाचाच. लीड्सच्या ताईंच्या उदाहरणासारखी आणखी एक चूक आहे जी वर्गात कोणी पकडत नाही, कारण ती व्याकरणाच्या कुठल्या धड्यात येत नाही. मराठीत 'सोमवारपर्यंत' एकच. सोमवारपर्यंत थांबतो आणि सोमवारपर्यंत पाठवतो, दोन्हीकडे तेच. इंग्रजीत थांबण्याला 'टिल मंडे', पाठवण्याला 'बाय मंडे'. "आय विल सेंड द रिपोर्ट टिल मंडे" म्हटलं तर ऐकणाऱ्याला कळतच नाही की अहवाल मिळणार कधी. तसंच कंटाळलेली मुलं लिहितात "आय अ‍ॅम बोअरिंग", म्हणजे मीच कंटाळवाणा. आणि अर्जात "आय हार्डली वर्क" लिहिणारा मुलगा सांगू पाहतो की मी खूप मेहनत करतो. लिहिलेलं असतं नेमकं उलट. 'स्मॉल स्मॉल चिल्ड्रन' वर लाल रेघ मारणारे 'आय हार्डली वर्क' मात्र बरोबर समजून पुढे जातात, कारण त्यात व्याकरण बिनचूक आहे. मला खरी काळजी याची वाटते.

शब्दवेध, 'प्रीपोन' मीही वापरते आणि खोडत नाही. पण भारतीय इंग्रजी हे नाव प्रत्येक अडखळण्याला देऊन चालणार नाही. देशभर सुशिक्षित माणसं ठरावीक रीतीने वापरतात ते रूप वेगळं, आणि माझ्या नववीतल्या मुलाची धडपड वेगळी.

शब्दवेध

ही रेघ मान्य आहे. फक्त ती कोण ओढतं यावर लक्ष ठेवा. 'टुडे मॉर्निंग' तुम्ही कुठल्या बाजूला टाकता?

खडूफळा

बोलताना सोडते. परीक्षेच्या पत्रलेखनात 'धिस मॉर्निंग' लिहा म्हणून सांगते, आणि का ते सांगते.

दोन मुलांची आई

ताई, प्रत्यक्ष वही कशी तपासता ते सांगाल का? घरी करून बघायचं आहे.

खडूफळा

निबंध आधी एकदा पेन खाली ठेवून वाचते. मुलाने काय सांगितलं त्याबद्दल एक ओळ मराठीत लिहिते. मग एकाच प्रकारची चूक निवडते, समजा 'हॅड' ची, आणि ती जिथे जिथे आहे तिथे फक्त खाली रेघ मारते, बरोबर रूप लिहीत नाही. ते मूल स्वतः लिहितं. बाकीच्या चुका त्या आठवड्यात तशाच राहतात. रेघ काळ्या पेनाने मारली तरी चालते.

निवृत्त मुख्याध्यापक

बाकीच्या चुका तशाच राहतात हे वाचून अजूनही हात शिवशिवतो. पण मुलाने स्वतः रूप लिहायचं ही गोष्ट मी नातवाच्या वहीवर करून बघणार आहे. 'टिल' आणि 'बाय' चं मात्र आमच्या पिढीत कोणीच सांगितलं नव्हतं.