डिमेन्शियासाठी ॲप घ्या म्हणणाऱ्यांनो, रात्री कोण उठणार?

ठाण्याची_सून:
सासूबाईंना अल्झायमर आहे, म्हणजे डिमेन्शियाचाच (स्मृतिभ्रंशाचा) एक प्रकार, मधली स्टेज. दिरांनी फॅमिली ग्रुपवर लिंक टाकली, वहिनी हे बघ, केअरगिव्हर लोकांसाठी फ्री ऑनलाईन कोर्स आहे, खाली लगेच नणंदेचा अंगठा. झालं, सगळ्यांची जबाबदारी संपली. कोर्स म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचा आयसपोर्ट, भारतासाठीचं व्हर्जन बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलंय. मजकूर चांगलाय हो, आजार काय, वागणं बदललं तर काय करायचं, स्वतःकडे कसं बघायचं, असे २३ धडे आहेत. पण मी ते बसून वाचू कधी? आंघोळीवरून रोज सकाळी रणकंदन, संध्याकाळ झाली की "मला घरी सोडा, आई वाट बघतेय" म्हणत चपला घालून दाराशी उभ्या, आणि रात्री दोनला उठून भांडी लावत बसतात. माझं म्हणणं एवढंच, ही सगळी डिजिटल मदत घरातल्या ज्या एका बाईवर आधीच सगळं पडलंय तिलाच अजून एक काम लावते, आणि बाकीच्यांना वाटतं आपण हातभार लावला.

सदाशिव_बाहेरचा:
ताई, सरसकट असं म्हणू नका. माझे वडील दोनदा घराबाहेर निघून गेले होते, मी मुख्य दाराला गादी लावून तिथेच झोपायचो. मग दाराला मॅग्नेटवाला सेन्सर बसवला, दार उघडलं की मोबाईल बोंबलतो. आता आतल्या खोलीत झोपतो. यात मला काही शिकायचं नाही, वाचायचं नाही, लॉगिन नाही. कोर्स आणि साधन एकाच मापाने का मोजताय?

ठाण्याची_सून:
दार उघडलं की उठणार तुम्हीच ना? मग!

सदाशिव_बाहेरचा:
उठतो, पण उघडलं तरच. आधी रात्रभर एक कान जागा असायचा, हा फरक ज्याने भोगलाय त्यालाच कळेल.

पुरावा_दाखवा:
कोर्सबद्दल थोडं. निम्हान्सच्या लोकांनीच आयसपोर्टची भारतात ट्रायल घेतली होती. १५१ जण घेतले, तीन महिन्यांनी हिशोबाला उरले ५५. आणि ताण, नैराश्य यात कोर्स दिलेला गट आणि न दिलेला गट यांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. पेशंटकडे माणूस म्हणून बघण्याचा दृष्टिकोन तेवढा सुधारला. म्हणजे ताई उगाच चिडलेल्या नाहीत.

निशिगंध:
अहो पण लोक गळले याचा अर्थ मदत नको होती असा होत नाही ना, ज्याला सर्वात जास्त गरज तोच आधी गळणार. धडे वाचायला लावू नका, मराठीत तीन मिनिटांचा ऑडिओ द्या, पोळ्या लाटताना ऐकेन मी. आई जेवून पाच मिनिटांत "मला कुणी जेवायला दिलं नाही" म्हणते तेव्हा वाद घालायचा नाही, "बसलेच ताट घ्यायला, तोवर हे केळं खा" म्हणायचं, हे मला एका व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री साडेबाराला एका अनोळखी बाईने सांगितलं. डॉक्टरकडे तेवढा वेळ नव्हता. हीपण डिजिटल मदतच.

डॅलसचा_मुलगा:
मी इथे, आईबाबा नाशिकला. कॅमेरा लावलाय, दोन्हीकडून बोलता येतं. यात चूक काय ते कळेल का? तिथे येऊन राहणं शक्य असतं तर राहिलो नसतो का?

ठाण्याची_सून:
भाऊ, राग मानू नका पण आमच्याकडचं ऐका. कॅमेऱ्यातून दीर बोलले, "आई, जेवलीस का गं?" सासूबाई आधी कपाटाचं दार उघडून बघत होत्या, मग पलंगाखाली, मग काठी घेऊन पडद्यावर मारायला लागल्या, आत चोर आहे म्हणून. तासभर लागला शांत करायला, दिरांनी तोवर ॲप बंद केलेलं. ज्या माणसाला आधीच भास होतात त्याच्या घरात भिंतीतून आवाज कसला काढताय? आणि डायपर बदलतानाही कॅमेरा चालूच, त्यांची लाज काय आजाराबरोबर गेली का? शिवाय खरी नजर कुणावर असते हे सुनांना विचारा.

डॅलसचा_मुलगा:
बोलणं बंद करतो, ते पटलं. कॅमेरा हॉलमध्येच आहे, तो काढणार नाही. केअरटेकर मावशी बाबांना औषध न देता तासन् तास फोनवर असायच्या ते त्यामुळेच समजलं.

पुरावा_दाखवा:
मोठ्या आकड्यातही बघा. लासी-डॅड नावाची डिमेन्शियाची देशभर पाहणी झाली, तिच्यानुसार साठीपुढच्या लोकांत डिमेन्शिया ७.४ टक्के, म्हणजे देशात ८८ लाखांच्या आसपास. एवढ्यांना डे केअर सेंटर आणणार कुठून, म्हणून सगळे मोबाईलकडे वळतात. पण त्याच पाहणीत शहरापेक्षा खेड्यात आणि पुरुषांपेक्षा बायकांत प्रमाण जास्त निघालंय. तिथे सांभाळणाऱ्या बाईच्या हातात स्वतःचा स्मार्टफोन असतो का?

निशिगंध:
साधा फोन तर असतो? टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मी एकदा पार रडकुंडीला येऊन लावला होता.

ठाण्याची_सून:
ऐकून घेतात, मान्य. पण दोन तास सासूबाईंजवळ बसायला माणूस पाठवतात का? ब्युरोची बाई रात्रपाळीला काय पैसे घेते माहितीये ना. लिंका पाठवणाऱ्यांनी त्यात वाटा उचलावा, मग मी बसून सगळे २३ धडे करते.

आष्टीवाला:
आमच्याकडे लाईट गेली की वायफाय गेलं, सेन्सर मुका. म्हणून आजोबांच्या दाराला बैलाच्या गळ्यातली घंटा बांधलीय.

सदाशिव_बाहेरचा:
बॅटरीवरचा वायरलेस बेलवाला मिळतो, दाराला एक तुकडा आणि तुमच्या उशाशी बेल, त्याला नेट लागत नाही. सेल मात्र वेळेवर बदला. घंटा राहू द्या, ती पण लागेल.