एलईडी भिंत घ्यावी का? आधी तालीम बघा

एलईडी भिंत, म्हणजे मंचामागे चित्रं दाखवणारा मोठा उजळ पडदा, भाड्याने घेतली तर स्नेहसंमेलनातलं नाटक उठून दिसेल का, असं तुम्ही विचारलंय. कोथरूडच्या एका शाळेचं नाटक मी तीन वर्षं बसवतेय, त्यावरून सांगते.

पहिल्या वर्षी आम्ही ती भिंत घेतली. मागे जंगल झगमगत होतं आणि पुढे सहावीतली मुलगी आजीच्या काठीवरून हळूच हात फिरवत होती. तो हात कुणालाच दिसला नाही. उजेड मागून येत असल्याने पोरांचे चेहरेही काळे पडले. पुढच्या वर्षी भिंत काढली, समोरून दोन साधे दिवे लावले. चेहरे दिसायला लागले!

पुण्यातच १९७२ साली 'घाशीराम कोतवाल' आलं, त्यात नटांची रांग हाच पडदा होता. शाळेतल्या तीस मुलांकडून असं काही करून घेता येतं, आणि मागच्या रांगेतल्या लाजऱ्या पोरालाही काम मिळतं.

आवाजावर मात्र खर्च कराच. मैदानात दहा वर्षांच्या मुलाचा आवाज पोचत नाही, आणि मग संवाद आधीच ध्वनिमुद्रित करून मुलांना नुसते ओठ हलवायला लावतात. ते मला अजिबात पटत नाही. मंचाच्या कडेला तीन-चार माइक ठेवा, मुलांना जिवंत बोलू द्या.

एक तालीम वर्गातल्या ट्यूबलाइटखाली, काहीही न लावता बघा. प्रसंग कुठे अडतोय ते तिथेच कळेल. तेवढ्यापुरतंच सामान मागवा.