सॉफ्ट कोरल म्हणजे टीव्हीवरची फुलदाणी नव्हे

खारट_विश्रामबाग
काल इथंच, खाऱ्या पाण्याच्या टाकीवाल्यांच्या फोरमवर, एक पोस्ट वाचली : ‘सॉफ्ट कोरलला (मऊ अंगाच्या प्रवाळाला) काही होत नाही. लेदर (चामड्यासारखा, टोपीवाला सॉफ्ट कोरल) उघडत नसेल तर जागा बदला, तरी नाही उघडला तर परत बदला. दोन दिवसांत कळतं.’ खाली अंगठ्यांची रांग. तिथं उत्तर द्यायला गेलो तर फारच लांबलं, म्हणून वेगळा धागा.

दोन दिवसांत काही म्हणजे काही कळत नाही. लेदर हलवला की पॉलिप, म्हणजे अंगावरची बारीक फुलांसारखी तोंडं, आत ओढतो, टोपी आक्रसते, वर मेणासारखा चकचकीत पापुद्रा धरतो. कात टाकतोय तो! आठवडा जातो, कधी दोन-तीनसुद्धा. मग एका सकाळी तो पापुद्रा सायीसारखा एका कडेनं सुटतो, प्रवाहात फडफडत राहतो आणि खाली कोवळी टोपी दिसते. आपला माणूस नेमका त्याच्या आदल्या दिवशी ‘मेला वाटतं’ म्हणून त्याला उचलून लाइटखाली नेतो. तिसऱ्या दिवशी परत खाली. मग खरंच मरतो, आणि दोष दुकानदाराला.

हलवायचाच तर एकदा, शक्यतो दगडासकट. जागा जास्त उजेडाची असेल तर लाइट निम्म्यावर आणा आणि दोन-तीन आठवड्यांत चढवत न्या. कोरल तिथंच राहू दे. प्रवाह थेट अंगावर नको, पण कात वाहून जाईल इतका हवा.

हराळी_गावभाग
ती पोस्ट माझी. नाव घ्यायला काय झालं होतं?

विश्रामबागेत कोरड्यात बसून ‘एकदाच हलवा’ म्हणणं सोपं आहे साहेब. 2019 च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, धोक्याची पातळी 45. माझी टाकी तळमजल्यावर. कोरल आधी माळ्यावर, माळ्यावरून शेजाऱ्यांच्या गच्चीत, तिथून बादलीसकट बोटीत, आणि मग कुपवाडला मामाकडं. बोटीतला जवान विचारतोय, ‘लोणचं आहे का?’ नऊ दिवस लाइट नाही, नुसता बॅटरीवरचा एअर पंप. पाच वेळा हलवलेला तो लेदर आज ताटाएवढा आहे. झेनिया, ती दुसरी सॉफ्ट कोरल, तर इतकी पसरली की माझं नाव हराळी पडलं. आता सांगा, कात आणि साय.

तंबोरा_मिरज
दोघंही चिकटवायचं कसं ते सांगत नाहीत, खरा घोळ तिथं आहे. दगडासकट जमलं तर उत्तम, पण कापलेला तुकडा असेल तर? सुपरग्लू जेल लेदरच्या बुळबुळीत अंगाला धरत नाही. संध्याकाळी चिकटवा, सकाळी तुकडा पंपाच्या जाळीवर. मी बायकोच्या जुन्या ओढणीची नेट कापली, वाटीत दगडाचे बारीक तुकडे, त्यावर कोरल, वरून नेट आणि रबर बँड. दोन आठवड्यांत स्वतःच खडा धरतो. ओढणीचं प्रकरण घरात अजून मिटलेलं नाही.

आणि कापाकापी केलीत तर फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन टाका. लेदर पाण्यात काय काय सोडतो, शेजारचे कोरल त्यानंच रुसतात.

आंबाघाट_रिटर्न
जागा, ग्लू, ओढणी... पाण्याचं कोणी बोलेल का? ते पाकिटातलं मीठ आरओमध्ये ढवळून समुद्र होत नसतो. मी दोन महिन्यांतून एकदा रत्नागिरीला जातो, 20 लिटरचे सहा कॅन भरून आणतो. येताना सुरमई. माझ्याकडं कोरल कुठंही ठेवा, संध्याकाळपर्यंत उघडतं.

खारट_विश्रामबाग
कुठून भरता?

आंबाघाट_रिटर्न
भाट्ये. गाडी पार वाळूपर्यंत जाते.

खारट_विश्रामबाग
अहो, भाट्याला काजळी नदी समुद्राला मिळते! पावसाळ्यात तिथं समुद्र कमी आणि नदीच जास्त. माझ्या मित्रानं जुलैत तिथलंच पाणी आणलं होतं, रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं यंत्र) घनता 1.016. आपल्याला 1.025 हवं. त्यात टाकलेला लेदर उघडेना म्हणून तो बिचारा महिनाभर जागा बदलत बसला.

आंबाघाट_रिटर्न
तुमच्या मित्राचा रिफ्रॅक्टोमीटर तपासा. आरओच्या थेंबावर शून्य करून मोकळे होतात सगळे, हजारी 35 खारटपणाचं कॅलिब्रेशन द्रव कोण घेतंय?

तंबोरा_मिरज
हे मात्र बरोबर बोलले.

हराळी_गावभाग
मीठ विकत कशाला घेता राव, आपल्याकडं क्षारपड जमीन फुकट आहे. वाळव्याला जा, बोअरचंच पाणी भरा 😀

खारट_विश्रामबाग
गंमत पुरे. त्याच मित्राच्या डिकीत कॅन लवंडला होता. पुढच्या पावसाळ्यात डिकीच्या तळाला बोट जाईल एवढं भोक.

आंबाघाट_रिटर्न
झाकण नीट लावता येत नाही आणि चालले समुद्राला नावं ठेवायला.

नवीन_टाकी
सगळ्यांना नमस्कार. मध्येच विचारतो. माझ्याकडं एका मोठ्या दगडावर झोअँथिड (बटणांसारखे छोटे जीव, कोरलचेच भाऊबंद) आहेत, ते दुसऱ्या दगडावर न्यायचेत. ब्लेडनं खरवडून जुना दगड उकळून घेतला तर चालेल ना? आई म्हणते, कुकरला लावू.

तंबोरा_मिरज
थांबा!!

हराळी_गावभाग
भावा, गॅस बंद कर आधी. झोअँथिडमध्ये, त्यातल्या त्यात पॅलिथोआ या प्रकारात, पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. दगड उकळला की वाफेतून सगळं घर आजारी पडेल. ब्लेडही टाकून दे. दगडाचाच तुकडा तोड, हातात ग्लोव्ह्ज आणि डोळ्यांना चष्मा घाल. बोटाला चीर असेल तर हात घालूच नको. आईला सांग, कुकर डाळीलाच बरा.

खारट_विश्रामबाग
हराळी यांनी पहिल्यांदा काहीतरी कामाचं लिहिलं. नोंद घ्यावी.

हराळी_गावभाग
आभारी आहे, गुरुजी. माझ्या पुराचं उत्तर अजून आलेलं नाही.

खारट_विश्रामबाग
देतो. तुमचा लेदर पाच वेळा हलला, पण बादलीत सगळीकडं अंधारच होता ना? उजेड एकसारखा, म्हणजे नव्हताच. उजेडाच्या जागा बदलणं त्याला जास्त जड जातं. शिवाय ऑगस्ट होता, पाणी गार. एप्रिलमध्ये आपल्या चाळीस डिग्रीत लाइट गेली असती तर बादलीतला ऑक्सिजन एका दुपारीत संपला असता. तरी मान्य, मला वाटलं होतं त्यापेक्षा ते चिवट आहेत. झालं समाधान?

हराळी_गावभाग
अर्धं. दोन दिवसांच्या जागी दोन आठवडे करतो पोस्टमध्ये. अंगठे परत देणार नाही.

तंबोरा_मिरज
आणि ग्रीन स्टार पॉलिप वेगळ्या दगडावर ठेवा हेही घाला. मुख्य दगडाला टेकलं की काँग्रेस गवत. माझी मागची काच हिरवीगार झालीय, पाहुण्यांना वाटतं लॉन लावलंय.

आंबाघाट_रिटर्न
ज्यांना समुद्र नको त्यांनी वाचू नये. शनिवारी गाडी चाललीय, दोन कॅनची जागा आहे.

खारट_विश्रामबाग
...एक माझा धरा. पण आरे-वारेहून. भाट्याचं नको. आणि झाकण मी स्वतः लावून देतो.

आंबाघाट_रिटर्न
रिकाम्या कॅनचं झाकण लावून काय करणार?