उत्तर: बेळगावहून सुट्टीला जायचं तर गाडीच ठरवावी का?

वर कुणीतरी लिहिलंय की घरात पाचसहा माणसं असली की गाडी ठरवणंच परवडतं. आमच्याकडं उलटा हिशोब आहे. आई, बायको, दोन मुली आणि मी. २०२३ च्या जूनपासून कर्नाटक सरकारची 'शक्ती' योजना (राज्यातल्या बायकांना सरकारी बसमध्ये मोफत प्रवास) सुरू आहे, त्यामुळं बेळगाव ते बदामी चौघींचं तिकीट शून्य आणि पैसे फक्त माझेच. कर्नाटकचा पत्ता असलेलं आधारसारखं ओळखपत्र मात्र जवळ हवं, आणि कंडक्टर देतो ती शून्य रुपयांची तिकिटं उतरेपर्यंत जपून ठेवायची. आई ती रुमालाच्या गाठीत बांधते.

एक लक्षात घ्या, ही सवलत साध्या बसलाच आहे. एसी आणि आंतरराज्य गाड्यांत चालत नाही. म्हणून कोल्हापूरला जाताना आम्ही निपाणीपर्यंत कर्नाटकच्या साध्या गाडीनं जातो, तिथून पुढं गाडी बदलतो. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण तेही त्यांच्या हद्दीतच.

आणि बदामीला गेलात तर हॉटेलात जेवू नका! बनशंकरीच्या देवळापाशी बायका बुट्टीतनं ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि घट्ट दही घेऊन बसतात. पोटभर होतं, आणि चव घरची.