मदत हवी आहे: आईची रक्त पातळ करायची गोळी आणि पालेभाजी

मंडळी, आईला (वय 67) एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) आहे, त्यासाठी वॉरफेरिन ही रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा) 2 ते 3 हवा, परवा 1.6 आला. सध्या शेतातली मेथी, शेपू रोज ताटात असते. पाल्यातल्या 'के' जीवनसत्त्वानं गोळीचा जोर कमी होतो. भाजी बंद करू नका, पण रोज साधारण सारखीच खा, असं डॉक्टर म्हणाले. तिला पटत नाही, दारची भाजी वाया जाते म्हणते.

रात्री माझा हात छातीवर ठेवून घेते. ठोके अडखळतात, मग एकदम धावतात. फार भीती वाटते हो.

भाजीचं माप घरात कसं सांभाळता? गोळ्यांच्या सूचना कन्नडमध्ये मिळतात, तिला मराठीच वाचता येतं. तुम्ही काय करता? आणि बेळगावला न जाता खानापुरातच आयएनआर तपासून मिळतो का?