विषय: कार्ल्सरूहला गाडीनं जावं की ट्रेननं?

आल्शविलहून, मराठी मंडळाची नवी सभासद

नमस्कार मंडळी,

कोजागिरीच्या दुधात जायफळ जरा सढळ हातानं घालणारी ती मीच. ओळख झाली असं समजते आणि मुद्द्यावर येते.

स्वित्झर्लंडमध्ये बाझलला येऊन सात महिने झाले. आमची कंपनी लहान आहे, प्रयोगशाळेत लागणारी मोजमापाची उपकरणं बनवते. पुढच्या महिन्यापासून मला महिन्यातून दोनदा जर्मनीत कार्ल्सरूहला आणि एकदा फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला गिऱ्हाइकांकडे जायचंय. साहेब म्हणाले, तुला जमेल तशी जा, हिशेब दे म्हणजे झालं. कंपनीची गाडी मागितली तर मिळते. स्वतःची नेली तर किलोमीटरला ७० राप्पेन (म्हणजे स्विस पैसे). ट्रेन म्हटलं तर दुसरा वर्ग.

माझं लायसन्स पुण्याचं. चालवलंय ते मुख्यतः कोथरूड ते हिंजवडी, आणि जो तिथे चालवतो तो कुठेही चालवू शकतो असं आमच्या बाबांचं ठाम मत आहे. इथे राहण्याचं परमिट 'B' प्रकारचं आहे. मीटिंग सकाळी दहाची असते. तुम्ही काय करता?

रीहेनचे काका

बाळ, जायफळ बरोबर होतं. ज्यांना झोप लागली ते भाषणामुळे.

मी बावीस वर्षं या पट्ट्यात ये-जा केली. पहिली दहा गाडीनं, पुढची बारा ट्रेननं. आता निवृत्त आहे, त्यामुळे सल्ला फुकट.

बाझल ते कार्ल्सरूह साधारण २०० किलोमीटर. नकाशा दोन तास सांगतो. मी सहाला निघायचो आणि तरी गिऱ्हाइकाच्या दारात पोचेपर्यंत घड्याळाकडे बघत असायचो. ए-५ ऑटोबानला, म्हणजे जर्मन महामार्गाला, ओफेनबुर्गच्या अलीकडे दोनच लेन आहेत. त्यात एक ट्रक ८० नं चाललाय आणि दुसरा ८२ नं त्याला मागे टाकतोय, हा सोहळा पाहताना माणूस म्हातारा होतो. जर्मन लोक याला हत्तींची शर्यत म्हणतात. वेगमर्यादा नाही म्हणून आपण हरखून जातो, पण पुढे हत्ती असल्यावर मर्यादा असली काय, नसली काय.

जाताना तरी माणूस ताजा असतो. खरी अडचण परतीला. नोव्हेंबरात साडेचारलाच दिवे लागतात आणि र्‍हाइनच्या खोऱ्यात धुकं उतरतं. एका संध्याकाळी नॉयनबुर्गजवळ माझे डोळे मिटायला लागले. गाडी बाजूच्या थांब्यावर घेतली, तासभर झोपलो, कॉफी घेतली, घरी आलो. बायकोला चार वर्षांनी सांगितलं. त्या आठवड्यापासून ट्रेन.

आयसीई, म्हणजे जर्मनीची वेगवान ट्रेन, पावणेदोन तासांत पोचवते. जाताना मीटिंगची तयारी होते, येताना तिचा अहवाल लिहून होतो, घरी आल्यावर लॅपटॉप उघडावा लागत नाही. किलोमीटरचे ७० राप्पेन कुणी या दोन तासांच्या बदल्यात मोजून पाहत नाही.

आणि हे ट्रेनचं अंधप्रेम नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये राश्टाटला रुळांखालून बोगदा खणताना जमीन खचली. १२ ऑगस्टला मार्ग बंद झाला तो २ ऑक्टोबरला उघडला. ते सात आठवडे राश्टाट ते बाडेन-बाडेन बसमधून, मांडीवर लॅपटॉप, शेजारी कुणाचं तरी कुत्रं. तरी गाडी काढली नाही.

स्ट्रासबुर्गचा तर प्रश्नच नको. बाझलहून थेट ट्रेन आहे, सव्वा तासाच्या आसपास.

आणखी एक. तुझं भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालतं. त्याआधी बदलून घ्यायचं, आणि भारतीयांना त्यासाठी कंट्रोल ड्राइव्ह, म्हणजे गाडी चालवून दाखवायची परीक्षा, द्यावी लागते. संधी एकच. नापास झालीस की ते लायसन्स इथे बाद आणि शिकाऊ परवान्यापासून सुरुवात. कोथरूड-हिंजवडीवर विसंबू नकोस. दोन-तीन तास शिक्षकाबरोबर चालव, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायची सवय हाडात मुरली पाहिजे.

वाइल आम राइनचा दादा

काकांचा मान राखून विरोधी पक्ष मांडतो.

२०२४ मध्ये डॉइचे बानच्या, म्हणजे जर्मन रेल्वेच्या, लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्के वेळेवर होत्या. हे त्यांचेच आकडे. आणि त्यांच्या हिशेबात सहा मिनिटांच्या आत म्हणजे वेळेवर. दहाच्या मीटिंगला जाणाऱ्यानं मग एक ट्रेन आधीची धरायची, म्हणजे काकांचे पावणेदोन तास पावणेतीन झाले. ६० मिनिटांच्या वर उशीर झाला तर तिकिटाचे २५ टक्के परत, १२० च्या वर ५० टक्के. माझी ट्रेन हटकून ५५ मिनिटं उशिरा येते. तेवढं बरोबर मोजायची शिस्त त्यांच्यात आहे.

परतीला झ्युरिकच्या मंडळींचे हाल आणखी. उशिरा आलेली जर्मन ट्रेन स्विस लोक पुष्कळदा बाझललाच थांबवतात, आपलं वेळापत्रक नासू नये म्हणून. बाझलकरांना काय, उतरून घरी.

माझा नियम असा: गिऱ्हाईक कुठे बसलंय ते बघ. कार्ल्सरूह स्टेशनवरून ट्राम मिळत असेल तर ट्रेन घे. पण शहराबाहेर कारखान्यांच्या वसाहतीत असेल, तासाला एक बस आणि पुढे वीस मिनिटं पायी, तर गाडी. दोघं-तिघं मिळून जाणार असाल तर हिशेबही गाडीकडे झुकतो.

गाडी घेतलीस तर एवढं सांभाळ:

स्विस ऑटोबानचा विन्येत (काचेवरचा टोलचा स्टिकर) ४० फ्रँकचा, कंपनीच्या गाडीवर असेलच, तरी बघून घे. जर्मनीत छोट्या गाडीला टोल नाही. बर्फ-पाऊस असेल तर जर्मनीत हिवाळी टायर हवेत, आणि ऑक्टोबर २०२४ पासून डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेलेच चालतात, नुसतं एम+एस लिहिलेले जुने नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये तशी सक्ती नसल्यामुळे कंपनीच्या गाडीला कुठले लावलेत ते कुणालाच ठाऊक नसतं. भारतीय लायसन्स असेपर्यंत आंतरराष्ट्रीय परवाना सोबत ठेव. आणि दंडाचं पत्र केराच्या टोपलीत टाकायचे दिवस गेले, मे २०२४ पासून ७० युरो किंवा त्याहून जास्त जर्मन दंड स्वित्झर्लंडमध्येही वसूल होऊ शकतो.

आमच्या गावात भाड्याची गाडी स्वस्त मिळते म्हणून ती घेऊन बाझलला येऊ नकोस. तू स्विस रहिवासी, गाडी जर्मन नंबरची, कस्टमच्या अटी आडव्या येतात. माझं उलटं आहे. मी राहतो जर्मनीत, नोकरी बाझलला. ऑफिसची स्विस गाडी घरी न्यायची तरी कागद लागतात. घरापासून ऑफिसपर्यंत चार किलोमीटर. म्हणून मी सायकलनं जातो.

बिनिंगनच्या ताई

तुम्ही दोघं आठ दिवस भांडाल. पण मुलीच्या बॅगेत काय आहे हे एकानंही विचारलं नाही.

अगं, तू उपकरणं दाखवायला जाणार ना? मग गाडी की ट्रेन हे तुझ्या हातात नाहीच, ते उपकरण ठरवणार. स्वित्झर्लंड डिसेंबर २००८ मध्ये शेंगेनमध्ये (सीमेवर नेहमीची पासपोर्ट-तपासणी नसलेल्या देशांच्या गटात) आलं, म्हणून माणसाला सीमा जाणवत नाही. पण युरोपियन युनियनच्या कस्टम्समध्ये आपण नाही. आठ नंबरच्या ट्रामनं जर्मनीतल्या वाइलला जाऊन पनीर आणणाऱ्यांना वाटतं सीमा म्हणजे नुसता पूल. विकायचं किंवा दाखवायचं सामान हातात आलं की तीच सीमा उभी राहते.

डेमोचं उपकरण तात्पुरतं बाहेर न्यायचं तर एटीए कार्ने, म्हणजे कस्टमची कागदपत्रं, काढतात. वाणिज्य मंडळ देतं, जास्तीत जास्त वर्षभर चालतं. एका फेरीला चार शिक्के: इथून जाताना स्विस, आत शिरताना जर्मन, परत निघताना जर्मन, घरी येताना स्विस. ट्रेनच्या डब्यात शिक्का मारायला कुणी येत नाही. आपण होऊन कस्टमच्या खिडकीशी जायचं, आणि व्यापारी मालाच्या खिडकीची वेळ ठरलेली असते.

माझी फजिती सांगते, कारण चूक सर्वस्वी माझीच. एकदा सहकाऱ्याच्या गाडीतून गेले, हद्दीवर ट्रकवाल्यांच्या मागे उभं राहून दोन्ही शिक्के घेतले. संध्याकाळी सहकारी पुढे माइन्त्सला जाणार होता, म्हणून मी उपकरण चाकांच्या पेटीत घालून ट्रेननं परत आले. दमलेली होते, कुणी अडवलं नाही, मीही थांबले नाही. इतकी खूश, की घरी येऊन पिठलं-भात टाकला.

कित्येक महिन्यांनी वाणिज्य मंडळाचं पत्र. जर्मन कागदांप्रमाणे उपकरण आत आलंय, बाहेर गेलेलं नाही. म्हणजे ते तिथेच विकलं असं धरून १९ टक्के कर द्या, नाहीतर ते जर्मनीत नसल्याचा पुरावा द्या. उपकरण तेव्हा माझ्या टेबलाखाली होतं. ते उचलून स्विस कस्टमला नेलं, त्यांनी नंबर ताडून पाहिला, ते इथे असल्याचं लिहून दिलं. शिवाय निस्तरण्याची फी. साहेब काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आणि कार्नेत फक्त जसंच्या तसं परत येणारं सामान बसतं. तपासणीत संपून जाणारी द्रावणं, गिऱ्हाइकाला देऊन टाकायच्या वस्तू यांचं बिल आणि कागद वेगळे.

मी आता काय करते ते सांगते. जड उपकरण आधी कुरिअरनं पाठवते, कागदपत्रं त्यांचा माणूस बघतो. एका गिऱ्हाइकाकडे तर डेमोचा एक नग वर्षभर ठेवायलाच दिला, रीतसर आयात करून. मग मी रिकाम्या हातानं ट्रेननं जाते आणि काकांसारखी अहवाल लिहिते. उपकरण बरोबर नेण्यावाचून गत्यंतर नसेल त्या दिवशी गाडी, आणि घड्याळात वरचा एक तास खिडकीसाठी.

पासपोर्ट आणि परमिट दोन्ही जवळ ठेव, नुसतं परमिट पुरत नाही. बाझल सोडल्यावर फ्रायबुर्गच्या आत पोलीस डब्यातून फिरतात, आणि आपल्या रंगाच्या माणसाकडे त्यांचं लक्ष जरा लवकर जातं. मी तिकीट आणि पासपोर्ट एकाच पाकिटात ठेवते, कंपनीचं पत्रही त्यातच.

खजिनदार

ताई, घाबरवलंत. गणपतीत फ्रायबुर्गच्या मंडळींनी आणलेले सहा ढोल आणि दोन ताशे कशात मोडतात? त्यांच्या ढोलांपैकी एक अजून माझ्या तळघरात आहे.

बिनिंगनच्या ताई

परत देऊन टाका. नेताना विचारलं तर खरं सांगा, आणि पुढच्या वर्षी आधी मला फोन करा.

आल्शविलहून

काका, दादा, ताई, तिघांचेही आभार. ताईंची मेल साहेबांना तोंडी भाषांतर करून ऐकवली. ते बराच वेळ गप्प बसले, मग विचारलं, आधीची मुलगी कसं नेत होती. आधीची मुलगी काय करत होती हे कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या कपाटात एक कार्ने सापडलं, मुदत संपलेलं, त्यावर दोन शिक्के. आता कंपनीत दोघं जण तेच निस्तरताहेत.

कार्ल्सरूहचं गिऱ्हाईक ट्रामच्या थांब्यापासून पाच मिनिटांवर निघालं, म्हणून दादांच्या नियमानंही ट्रेनच. उपकरण सोमवारी कुरिअरनं पुढे जातंय. मी मंगळवारी, दादांचं ऐकून एक गाडी आधीची. कंट्रोल ड्राइव्हसाठी शिक्षकाचे तीन तासही ठरवलेत. पहिल्या तासात तो दोनदा ओरडला, दोन्ही वेळा उजवीकडून गाडी आली होती.

डब्यात थालीपीठं घेतेय.

रीहेनचे काका

सीट राखून ठेव, मंगळवारी गर्दी असते. फलकावर डब्यांचा क्रम उलटा लागला असेल तर घाबरून फलाटभर धावू नकोस, मधे उभी राहा.

मला त्याच दिवशी फ्रायबुर्गला लेकीकडे जायचंय. बाझलच्या बाडिशर बानहोफ स्टेशनला चढेन. खजिनदारांनी तळघरातला ढोल आणून दिला तर तोही घेतो, पण कस्टमवाल्यांशी बोलायला ताईंनी फोनवर थांबावं.