दुधीला फुलं ढीगभर, पण बारीक दुधी पिवळे पडून गळतायत

कुंडीतला_पसारा
नमस्कार मंडळी. गच्चीवर 12 इंची कुंडीत दुधी लावलाय, वेल मांडवभर पसरलाय, पानं अशी गर्द की बघत राहावं, पण हाती एक दुधी लागेल तर शपथ. आधी नुसतीच फुलं यायची नि गळायची, आता अंगठ्याएवढे दुधी दिसतात, दोन-चार दिवस तेवढेच राहतात आणि मग टोकाकडून पिवळे पडून सुकतात. पाणी रोज घालते, शेणखत लावतानाच घातलं होतं, शिवाय आठवड्याला थोडा युरिया पाण्यातून. कोणी म्हणतं व्हायरस, कोणी म्हणतं कॅल्शियम कमी. गंमत म्हणजे शेजारच्याच कुंडीत काकडी आहे, तिला तेच पाणी तेच खत आणि ती मात्र बऱ्यापैकी लागतेय. मग दुधीलाच काय झालंय?

मांडवकरी
ताई, उत्तर तुमच्या काकडीनेच दिलंय 😄 काकडीचं फूल सकाळी उघडतं, तेव्हा मधमाश्या फिरत असतात, त्यांचं काम होऊन जातं. दुधीचं पांढरं फूल उघडतं संध्याकाळी, दिवस कलल्यावर, आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत मान टाकतं. त्याच्याकडे येतात ते रात्रीचे पतंग, ते गच्चीवर आले तर आले. परागकण पोचलेच नाहीत तर मागचा बारीक दुधी वेल स्वतःच सोडून देतो. व्हायरस असता तर पानं आकसली असती, चट्टेपट्टे दिसले असते.

आता हाताने करा. नर फुलाचा देठ लांब आणि बारीक, मागे काही नसतं, मादी फुलाच्या मागे लव असलेला छोटा दुधी असतो, एकदा बघितलं की परत चुकत नाही. संध्याकाळी फुलं पूर्ण उमलली की ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढून टाका, मधला दांडा बोटाला लावून बघा, पिवळी पूड लागली पाहिजे. तोच मादी फुलाच्या मधल्या जाडसर भागावर हलक्या हाताने सगळीकडून फिरवा, एका बाजूलाच लागलं तर दुधी वाकडातिकडा होतो. एक नर फूल दोन माद्यांना सहज पुरतं. दुधीला दुधीचंच हं, काकडीचं किंवा दोडक्याचं लावून काही होत नाही. ज्या फुलाला केलं त्याच्या देठाला दोरा बांधून ठेवा म्हणजे कुठलं धरलं ते कळेल. आणि सुरुवातीला नुसती गळायची ती नर फुलं होती, ती गळणारच, त्याचं टेन्शन घेऊ नका.

खतमाती
वरचं सगळं बरोबर पण मला खरी अडचण कुंडी आणि युरिया वाटते. 12 इंचात दुधी म्हणजे फारच कमी जागा, निदान 18-20 इंची कुंडी किंवा मोठी ग्रो बॅग हवी. युरियातलं नत्र जास्त झालं की वेल पानांवर जोर देतो आणि फुलं-फळं मागे पडतात, तुमची ती गर्द पानं त्याचीच. युरिया आजच बंद. आता भर पोटॅशवर द्या, लाकडाची राख असेल तर चमचाभर मातीत मिसळा, जास्त नको. आणि रोज पाणी घालते हा हिशोब सोडा, बोट मातीत खुपसून बघा, ओल असेल तर थांबा. दुपारी पानं लोंबतात म्हणून लोक पाणी ओततात, संध्याकाळी ती आपोआप उठतात. मोठा वेल आता उपटून दुसरीकडे लावायला मात्र जाऊ नका, मुळं दुखावली की उरलंसुरलंही जाईल.

पानाआड
एक सोप्पी तपासणी राहिली. गळलेला दुधी उभा चिरून बघा. आत पांढऱ्या अळ्या वळवळत असतील तर फळमाशी. बाहेरून सुईने टोचल्यासारखा ठिपका दिसतो, कधी त्यावर डिंकासारखा थेंब. तसं असेल तर क्यू ल्युअरचा (या माशीला ओढणाऱ्या वासाचा) सापळा लावा, आंब्याला लावतात तो मिथाइल युजेनॉलवाला आणू नका, वेलभाज्यांच्या माशीला तो चालत नाही. आणि सापळ्यात फक्त नर माश्या अडकतात, त्यामुळे फळ धरलं की त्यावर कागदी पिशवी चढवणं सगळ्यात खात्रीचं. किडलेली फळं कंपोस्टमध्ये अजिबात नको.

कुंडीतला_पसारा
चिरून बघितले, आत अळी नाही, नुसतं सुकलेलं. काल टॉर्च घेऊन गेले तर नर फुलं सात-आठ आणि मादी एकच, तीही अजून मिटलेली!! इतक्या कमी माद्या असतात का? ते थ्री जी कटिंग, म्हणजे शेंडे खुडत जायचं, ते करू का?

मांडवकरी
नर जास्तच असतात, त्यात उन्हाळा कडक असला की अजून. मिटलेली मादी आज संध्याकाळी परत बघा, उमलायच्या बेतात असेल. मुख्य वेलावर बहुतेक नर येतात, फांद्यांवर माद्या लवकर दिसतात, म्हणून शेंडा खुडतात. करून टाका.

खतमाती
करा पण बेताने. थ्री जी वेल लहान असताना करायचं, सहा-सात पानांवर शेंडा खुडायचा, मग फुटव्यांचे शेंडे. आता मांडवभर झालेल्या वेलाची सरसकट छाटणी केलीत तर त्या छोट्या कुंडीत तो परत पानंच काढत बसेल. फक्त मुख्य शेंडा आणि खालची पिवळी पानं काढा, बास. दोन-तीन दुधी धरले की बाकीचे स्वतः खुडा, एवढ्या मातीत त्याहून जास्त पोसले जात नाहीत.

पानाआड
ताई बी कुठलं आहे? घरच्या फळाचं ठेवलेलं असेल तर पहिला दुधी शिजवायच्या आधी कच्चा कणभर जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि अख्खा फेकून द्या. त्यातलं कुकरबिटासिन हे कडू विषारी द्रव्य शिजवून जात नाही, उलट्या-जुलाब होऊन माणसं दवाखान्यात पोचतात.

कुंडीतला_पसारा
बी घरचंच आहे, बरं झालं सांगितलंत. युरियाचा डबा माळ्यावर टाकला. संध्याकाळी परत टॉर्च घेऊन जाते, मादी उमलली असेल तर दोरा बांधून येते.